सागवानाचा विसावा

विष्णू जमेनीसांच्या घरी खंडेनवमीला पाटावर तीन वस्तू मांडल्या जात. एक तलवार, जिचं म्यान हरवलं होतं. एक अडकित्ता, कारण सुपारी खाणारी माणसं संपली तरी अडकित्ता संपला नव्हता. आणि एक पोलादी टेप, जो सरकारचा होता. हळदकुंकू तिघांना सारखंच मिळे. दुसऱ्या दिवशी कामाला मात्र एकटा टेप जायचा.

यात काही गमतीचं आहे असं जमेनीसांना कधी वाटलं नाही. त्यांचं घराणं शिंद्यांच्या फौजेमागून माळव्यात आलं होतं. लढायला नव्हे, तंबू, हत्ती आणि पालख्या यांची नोंद ठेवायला. पाऊस संपून वाटा वाळल्या की दसऱ्याला फौज निघे, आणि फौजेबरोबर जमेनीस निघत. पुढे फौज गेली, हत्ती गेले, उरलेले तंबू लग्नकार्याला भाड्यानं जाऊ लागले. रिवाज तेवढा राहिला, की घरच्या कर्त्या पुरुषानं वर्षाचं काम दसऱ्याला गावाची हद्द ओलांडून सुरू करायचं. विष्णूपंतांचे वडील शाळामास्तर होते. ते सायकलवर देवास रस्त्याच्या जकात नाक्यापलीकडे जात, तिथे एक पान खात आणि परत येत. घराण्याची स्वारी तेवढ्यावर भागत असे.

विष्णूपंतांच्या वाट्याला खरी स्वारी आली. जंगलमोजणीचं एक लहानसं कार्यालय तेव्हा आमच्या माधवनगरात होतं, तिथे ते मापन सहायक होते. उज्जैनच्या आसपास मोजण्यासारखं जंगल फारसं नाही. त्यामुळे कार्यालय उज्जैनला आणि जंगल बागलीच्या पलीकडच्या डोंगरात, अशी सोय होती. देवास गेटवरून सकाळी सहाची बस, देवासला दुसरी, बागलीला तिसरी, आणि शेवटचे सहा किलोमीटर पायी. मग जामनझिरीचा नाका लागे. तिथला पहारेकरी, ज्याला सगळे नाकेदार म्हणत, भेरूलाल नावाचा माणूस होता. नाक्याच्या वरच्या उतारावर अठ्ठेचाळीस सागवान उभे होते. कागदावर त्यांचं नाव होतं नमुना प्लॉट क्रमांक सत्तावन्न.

प्रत्येक झाडावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला होता, आणि छातीच्या उंचीवर एक पांढरा पट्टा. दर वर्षी पाऊस संपल्यावर त्या पट्ट्यावर टेप गुंडाळायचा, गोलाई वाचायची आणि वहीत लिहायची. एरवी झाडांना हात लावायचा नाही. कापायचं नाही, छाटायचं नाही, खाली पडलेलं पानही उचलायचं नाही. पाऊस पडला, नाही पडला, ऊन वाढलं, थंडी हटली, तर झाड आपल्या आपण काय करतं ते बघायचं. ते बघून पुढे काय करायचं, हा भाग फाईलमधून कधीतरी गळून पडला होता.

पहिली मोजणी त्यांनी चौऱ्याहत्तर साली केली. नियमात पाऊस संपल्यावर असं लिहिलं होतं, दिवस लिहिला नव्हता. जमेनीसांनी दिवस निवडला असंही म्हणता येणार नाही. त्यांच्या डोक्यात दुसरा दिवस आलाच नाही. दसऱ्याला बस धरली, रात्री नाक्यावर मुक्काम, एकादशीला सकाळी टेप काढला. एकादशी असल्यामुळे पत्नी विनोदिनीबाईंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती, आणि पुढची तेवीस वर्षं ती तशीच दिली. वहीच्या पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं आहे: आश्विन शुद्ध एकादशी, शके अठराशे शहाण्णव. वरच्या कार्यालयात जो तक्ता जाई त्यात तारखेचा रकाना नव्हता, फक्त सालाचा होता. म्हणून कुणाला काही खटकलं नाही. खटकण्यासाठी आधी कुणीतरी तक्ता वाचावा लागतो, हाही एक मुद्दा होता.

तर झाडं वाढत होती. सुरुवातीची वर्षं वर्षाला करंगळीच्या नखाएवढी. मग ऐंशीनंतर त्यात घट येऊ लागली. आणि आणखी एक गोष्ट जमेनीसांच्या लक्षात आली. दर तिसऱ्या वर्षी, क्वचित दुसऱ्याच वर्षी, झाडं थांबत. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. काही तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर घटत. त्यांनी आधी टेपवर संशय घेतला आणि तो इंदूरला तपासून आणला. मग स्वतःच्या हातावर घेतला, आणि एका वर्षी प्रत्येक झाड तीनतीनदा मोजलं. टेप बरोबर होता, हात बरोबर होता. उरलं झाड.

भेरूलाल वेगळंच सांगे. "बाबूजी, पहले होली तक पत्ता टिकता था। अब संक्रांत पे ही नंगे हो जाते हैं।"

"नवा पाला?"

"वो भी लेट। पानी पड़े तब आँख खोलते हैं।"

जमेनीसांनी हे सगळं एकत्र बसवलं. ऊन वाढलं आहे, पावसाचे दिवस कमी झाले आहेत. झाडाला चालून दुसरीकडे जाता येत नाही. तेव्हा ते पानं लवकर टाकतं, उशिरा काढतं, आणि दोन वर्षं वाढून तिसऱ्या वर्षी विसावा घेतं. त्यांनी यावर हिंदीत नऊ पानांचं टिपण लिहिलं, 'सागवान की विश्राम-प्रवृत्ति', आणि एकोणनव्वद साली वर पाठवलं. त्याची पोच आली. पोच त्यांनी जपून ठेवली.

"झाडं आपल्यापेक्षा समजदार आहेत," ते विनोदिनीबाईंना म्हणत. "गरमी वाढली तर काम कमी करतात."

"आणि तुम्ही?"

"मी मोजतो."

"म्हणजे समजदार कोण ते कळलंच."

त्यांचं हे मत म्हणजे त्यांची सगळी श्रद्धा होती, असं म्हटलं तर चालेल. देवाला ते जात, महाकालाच्या रांगेत उभे राहत, पण ते उज्जैनला राहणारा कुणीही करतो. जग बिघडत चाललं आहे हे त्यांना मान्य होतं. फक्त जामनझिरीच्या उतारावर अठ्ठेचाळीस जणांना बिघडलेल्या जगात कसं राहायचं ते उमगलं आहे, आणि हे आपण पाहिलं आहे, यावर त्यांची रात्रीची झोप अवलंबून होती.

मग देश उघडला. टावर चौकात आधी एसटीडीचे बूथ आले, मग कॉम्प्युटरचे क्लास, मग थंड पेयांच्या रंगीत छत्र्या, आणि चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमाराला सागवान आलं. झाड नव्हे, योजना. एका कंपनीची माणसं चकचकीत पुस्तकं वाटत फिरत होती. आज इतके भरा, तुमच्या नावाचं सागवान लावू, वीस वर्षांत त्याचा खांब होईल आणि तुमच्या मुलीचं लग्न. जमेनीसांचा भाचा प्रसाद या कामात होता. तो एका रविवारी पुस्तक घेऊन घरी आला.

"मामा, तुम्ही फक्त एक लाइन लिहून द्या. सरकारी माणूस, वीस सालाचा एक्सपीरियन्स. की सागवान वीस वर्षांत इतकं होतं." त्यानं दोन्ही हात पसरून मिठी दाखवली.

"होत नाही."

"अंदाजे, मामा."

"अंदाजेसुद्धा होत नाही. माझं बावीस नंबर वीस वर्षांत एक वीत पण नाही वाढलं. त्र्याण्णवला तर घटलं."

प्रसादनं विनोदिनीबाईंकडे पाहिलं. "मामी, झाड घटतं का?"

"यांचं घटतं," मामी म्हणाल्या.

"विसावा घेतं," जमेनीसांनी समजावलं. "मौसम बदलून राहिला आहे. त्याला मालूम आहे केव्हा थांबायचं."

"मामा, हात जोडतो. हे टावर चौकात कुणाला बोलू नका. लोकं चेक लिहून राहिले आहेत."

जमेनीसांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. वीस वर्षांत सागवान किती वाढतं हे मोजून ठेवलेला एक माणूस माधवनगरात राहतो, ही गोष्ट गावात त्या काळात कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात परिपत्रक आलं. सगळ्या नमुना प्लॉटांची तपासणी होणार. ज्यांची नोंद शास्त्राच्या कामाची ठरेल ते राहतील. बाकीचे बंद करून त्यांचं लाकूड डेपोत जाईल. भाषा सौम्य होती. अर्थ असा होता, की एक तज्ज्ञ येईल, वही पाहील, आणि वहीवर अठ्ठेचाळीस झाडं उभी राहतील किंवा पडतील.

जमेनीस घाबरले नाहीत. त्यांना उलट हायसं वाटलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वही पाहणार होतं. त्यांनी तिला नवं कव्हर घातलं.

तज्ज्ञ नोव्हेंबरात आले. डॉक्टर सुहास आगटे, मूळचे पुण्याचे, वय बत्तीस, मांडीवर ठेवण्याचा संगणक घेऊन. दोन दिवस ते जामनझिरीला जाऊन आले, झाडं पाहिली, भेरूलालशी बोलले, आणि तिसऱ्या दिवशी जमेनीसांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. माणूस चांगला होता. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधण्याचा मोह होतो आणि सापडत नाही.

"काका, तुमची वही म्हणजे खजिना आहे," आगटे जेवण झाल्यावर म्हणाले. "एक माणूस, एक टेप, तेवीस वर्षं. आमच्याकडे असं काही नाही."

त्यांनी आकडे भरायला सुरुवात केली. जमेनीस वाचत गेले, आगटे टिपत गेले. तासाभरानं पडद्यावर रेघ उमटली. वर, खाली, वर, खाली, आणि एकूण उतरत जाणारी. जमेनीस चष्मा पुसून पाहत राहिले. जी गोष्ट आजवर त्यांच्या डोक्यात होती ती आता उजेडात होती, आणि सुंदर होती.

"हा विसावा," ते बोट ठेवत म्हणाले. "आणि हा. हा पण."

"दिसतोय. पण गंमत बघा. साधारण तीन वर्षांचं अंतर आहे. इथे मात्र ऐंशीनंतर लगेच ब्याऐंशी. आणि इथे एक्क्याण्णवनंतर लगेच त्र्याण्णव. पावसाचे आकडे मी ताडून पाहिले, जुळत नाहीत. त्या वर्षी झाडांना काय झालं असेल?"

विनोदिनीबाई ताक घेऊन आल्या होत्या. त्या पेले ठेवत म्हणाल्या, "ब्याऐंशी न? ब्याऐंशीला अधिक आश्विन होता. माझ्या नणंदेचं लग्न त्याच्यातच तर अडकलं होतं. आणि त्र्याण्णवला दोन भादवे. जावईबापूंना तेहतीस अनारसे दिले, अर्धे तुपात फुटले."

"आणि ऐंशी?" आगट्यांनी विचारलं. सहज विचारलं.

"दोन ज्येष्ठ."

"अठ्ठ्याऐंशी?"

"ते पण ज्येष्ठच. थांबा, पंचांगं आहेत न, सगळी ठेवली आहेत." आणि त्या पंचांगं आणायला आत गेल्या.

 आगट्यांनी ताकाचा पेला थोडा बाजूला सरकवला. "काका, तुम्ही मोजणी नेमकी कधी करता?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"दर वर्षी?"

"एकदाही चुकलो नाही," जमेनीस म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी अनेकदा अभिमानानं म्हटलं होतं. त्या दिवशी ते अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या आवाजातला अभिमान संपला. म्हणजे त्यांना तिथेच कळलं. पुढचं आगट्यांनी बोलणं केवळ शिष्टाचार होता.

आगटे पंचांगं चाळत बोलले. नव्वद साली दसरा सप्टेंबरच्या अखेरीस. पाऊस नुकता उघडलेला, साल पाणी पिऊन फुगलेली. त्र्याण्णवला चोवीस ऑक्टोबर. तीन आठवडे ऊन खाऊन साल सुकून बसलेली. फरक चार-पाच मिलिमीटरचा सहज. अधिक मास आला की दसरा पुढे जातो, मोजणी उशिरा होते, झाड बारीक दिसतं. पुढची एक-दोन वर्षं दसरा मागे सरकतो, झाड जाड दिसतं.

"झाड विसावा घेत नव्हतं, काका. तुम्ही उशिरा जात होता."

विनोदिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही," जमेनीस म्हणाले. "तू बरोबर बोललीस."

मग त्यांनी थोडा वाद घातला, पण तो वाद आपल्यासाठी नव्हता, झाडांसाठी होता. तिथीवरून तारीख काढता येते. हे उज्जैन आहे. काळाचं हेड ऑफिस. इथे जुन्या तिथीची तारीख सांगणारा माणूस प्रत्येक गल्लीत बसलेला आहे.

"तारीख निघेल," आगटे म्हणाले. "पण त्या तारखेला साल किती भिजलेली होती ते कोण काढून देणार? वाढ चार मिलिमीटर आणि चूक पाच मिलिमीटर. काका, वाढ कमी होते आहे असं मलाही वाटतं. पण वाटण्यावर प्लॉट राहत नाही."

"पानांच्या नोंदी?"

"त्या भेरूलालच्या आहेत. होळी, संक्रांत, दिवाळीच्या आधी, दिवाळीच्या नंतर." आगट्यांनी खांदे उडवले नाहीत, मान खाली घातली.

एक मार्ग होता. झाडाच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढायची, आणि तिच्यावरची वर्षाची वलयं वाचायची. सागवानात ती स्पष्ट दिसतात. आगट्यांकडे असं एक गिरमिट होतं, गाडीतच होतं. "उद्या सकाळी जाऊ. दहा झाडं पुरेत. कुणाला कळणारही नाही."

जमेनीसांनी त्यांच्याकडे पाहिलं. "प्लॉटच्या झाडाला भोक पाडता येत नाही. नियम चार."

"काका, नियम झाडं वाचवायला आहे न?"

"मी तेवीस वर्षं खालचं पान नाही उचललं."

 शेवटी परवानगीचा अर्ज करायचा ठरलं. अर्ज त्यांनी दोघांनी मिळून लिहिला, चांगला लिहिला. त्याचं उत्तर चार महिन्यांनी आलं. प्लॉट बंद करण्याचा प्रस्ताव विचाराधीन असल्यामुळे त्यातील झाडांवर नवीन प्रयोग सुरू करणे उचित नाही.

गिरमिट दारात असताना तो दिवस का घालवला, हे जमेनीसांना पुढे कुणी विचारलं नाही. विनोदिनीबाईंनीही नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की अनारशाचं बोलायला नको होतं. त्यानंतर त्या घरात अनारसे झाले नाहीत.

अठ्ठ्याण्णव साल जमेनीसांनी एका कामात घालवलं. साल किती फुगते आणि किती सुकते याचा एकदा हिशेब लागला, तर तेवीस वर्षांचे आकडे सुधारता येतील. म्हणून ते जुलैपासून दर पंधरवड्याला, यावेळी इंग्रजी तारखेनं, रजा टाकून जामनझिरीला जात राहिले. पाय सुजत. देवास गेटच्या बसवाल्यांना ते ओळखीचे झाले. "काका, ससुराल है क्या बागली में?" एक कंडक्टर विचारी.

डिसेंबरात त्यांच्याकडे हिशेब तयार होता. बावीस नंबर ऑक्टोबरात पाच मिलिमीटर सुकत होतं. नऊ नंबर यंदा अजिबात सुकलं नव्हतं. एकतीस नंबर एकदा सुकून अवकाळी सरीनंतर पुन्हा फुगलं होतं. उतारावरची वरची रांग आणि खालची रांग यांच्यात काही मेळ नव्हता. अठ्ठेचाळीस झाडं म्हणजे अठ्ठेचाळीस स्वभाव, आणि ते या वर्षीचे. मागच्या तेवीस वर्षांचे कुणाला ठाऊक. त्यांनी तो कागद नीट घडी करून वहीत ठेवला. चूक किती आहे हे त्यांना आता पूर्वीपेक्षा बारकाईनं कळलं होतं, आणि दुरुस्त होणार नाही हे सिद्ध झालं होतं. त्यांच्या आयुष्यात बिनचूक झालेलं हे पहिलं काम.

आगट्यांचा अहवाल प्रामाणिक होता. निरीक्षणे परिश्रमपूर्वक केलेली, परंतु वापरण्यायोग्य नाहीत. खाली त्यांनी आपल्या हातानं एक ओळ वाढवली होती, की झाडे तोडू नयेत. त्या ओळीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

नव्याण्णवच्या जानेवारीत तोडीचा हुकूम आला. तोडायच्या झाडावर लोखंडी हातोड्यानं सरकारी शिक्का मारावा लागतो. तो मारायला कुणीही गेलं असतं. जमेनीस स्वतः गेले.

"बाबूजी, आप रहने दो," भेरूलाल म्हणाला. "मैं मार देता हूँ।"

"नंबर मला पाठ आहेत," जमेनीस म्हणाले. नंबर झाडावर लिहिलेले होते, तेव्हा हे कारण होऊ शकत नव्हतं. भेरूलालनं हातोडा देऊन टाकला. पहिल्यांदा झाडाला लागलेला त्यांचा हात तो. एकूण अठ्ठेचाळीस वेळा.

फेब्रुवारीत चार दिवसांत उतार मोकळा झाला. जमेनीस पाचव्या दिवशी पोचले. ओंडके खाली रस्त्याकडे लावले होते, वर नुसते बुंधे होते, गुडघ्याखालच्या उंचीचे, ताजे, सोनेरी. नियम आता राहिला नव्हता, म्हणून त्यांना हवं ते करता येत होतं. त्यांनी बावीस नंबरच्या बुंध्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. ओल्या लाकडावर वलयं उठून आली. सालीकडून आत, एकेक वर्ष, गोधडी शिवायच्या सुईचं टोक ठेवत ते मोजू लागले.

त्र्याण्णव होतं. एक्क्याण्णव होतं. अठ्ठ्याऐंशी, पंचाऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी, सगळी होती, आपापल्या शेजाऱ्यांसारखीच. कुठेही खंड नव्हता. चौऱ्याहत्तरला वलय तांदळाच्या दाण्याच्या रुंदीचं होतं, मग जरा कमी, मग आणखी जरा, आणि शेवटची पाच-सहा वर्षं सुई ठेवायलाही जागा नव्हती. वाढ घटते आहे हे त्यांनी लिहिलं होतं, ते खरं होतं. आता ते मोजायला परवानगी लागत नव्हती, आणि त्याचा उपयोग ज्यांना होता ती झाडं रस्त्याकडे रचलेली होती.

पण ते त्यावर थांबले नव्हते. ते दुसऱ्याच गोष्टीकडे पाहत होते. झाडांनी कधीच विसावा घेतला नव्हता. त्यांना काही उमगलेलं नव्हतं. ऊन वाढत गेलं आणि ती दर वर्षी, न चुकता, होता तेवढा जोर लावत गेली, आणि तो कमी कमी पडत गेला.

त्यांनी पुढच्या बुंध्यावर पाणी ओतलं. तिथेही तसंच. त्याच्या पुढेही. दुपारपर्यंत सतरा झाले. वहीच्या मागच्या पानांवर आकडे उतरत गेले, यावेळी प्रत्येक सालाचे वेगळे आणि बिनचूक.

खालून कुऱ्हाडींचे आवाज येऊ लागले. तोडीनंतर बुंधे जमिनीसरशी उतरते तासावे लागतात, म्हणजे पाणी साचून कुजत नाहीत आणि फुटवा येतो. त्यात वरचा चेहरा निघून जातो. भेरूलाल चार मजूर घेऊन खालच्या रांगेपासून वर येत होता. त्याचं काही चुकत नव्हतं. तो कामाचा माणूस होता.

तो जवळ आला, जमेनीसांकडे आणि वहीकडे पाहिलं. "बाबूजी, कल साहब देखने आ रहे हैं। आज सब छीलना है।"

"किती राहिले माझे?"

भेरूलालनं वर नजर टाकली. "तीस-इकतीस।"

"आणि तुमचे?"

"आपके जितने हो गए, वो निपट गए। अब ये ऊपर वाले।"

जमेनीस अठराव्या बुंध्यावर बसले होते. बाटलीत अजून दोन घोट पाणी होतं. मजूर उभे होते, एकानं बिडी पेटवली. फेब्रुवारीच्या मानानं ऊन बरंच होतं आणि उतारावर आता सावली कुठेच नव्हती.

"एक दिन का बोल दूँ साहब को?" भेरूलालनं आवाज खाली आणला. "मैं बोल दूँगा कुल्हाड़ी टूट गई।"

जमेनीसांनी वर उरलेल्या बुंध्यांकडे पाहिलं. उद्यापर्यंत अठ्ठेचाळीसही झाले असते. मग ती वही वरच्या कार्यालयात गेली असती, आणि तिथे आता प्लॉट सत्तावन्न या नावाचं काही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तू खोटं नको बोलूस."

ते उठले, बाटलीतलं पाणी स्वतः प्याले, आणि मजुराला जागा करून दिली.